ताईंच्या गाडीचा लहरी ब्रेक

"आधी बसू, मग बघू."

गाडी कुणाचीही असो आणि मालक कितीही घाईत असो, मिस्त्रींच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघायचं. माणूस दारातूनच सुरू व्हायचा, इंजिन तापतंय, गिअर अडकतोय, खालून कसलातरी आवाज येतोय. आणि मिस्त्री फडक्याला हात पुसत सावकाश चालत जायचे, मालकाच्या शेजारचं दार उघडायचे आणि आत बसून ते लावून घ्यायचे.

"चला."

"कुठं?"

"रोज जाता तिकडंच. मी इथं नाहीच असं समजा आणि चालवा."

बॉनेट उघडणं नाही, पाना उचलणं नाही. नवख्या माणसाला वाटायचं, मिस्त्रीला फुकट फिरायची हौस दिसते. जुनी गिऱ्हाइकं मात्र आपणहून शेजारची सीट झटकून ठेवायची. मिस्त्रींचं म्हणणं असं, की गाडी एकटी कधी बिघडतच नाही. तिला चालवणारा असतो, त्याचा रस्ता असतो, त्याची खोड असते. गॅरेजात आणून उभी केलेली गाडी म्हणजे पाहुण्यांसमोर हाताची घडी घालून बसलेलं पोर. ते आपले गुण तिथं थोडंच दाखवणार?

एकदा एक किराणा दुकानदार गाडीच्या पोटात काहीतरी खुळखुळतंय म्हणून हैराण होऊन आला. आणखी दोन गॅरेजं पालथी घालून झाली होती. मिस्त्री त्याच्या शेजारी बसले, डोळे मिटून घेतले, आणि बाजाराच्या वळणावर गाडी कलती झाली तशी खाली वाकून त्यांनी सीटखालून जेवणाच्या डब्यातला चमचा बाहेर काढला.

"घ्या, इंजिनाचा पार्ट सापडला," ते म्हणाले.

तेव्हापासून गावात त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'बसूबघू' म्हणत. मिस्त्रींना ते ठाऊक होतं. आवडतही होतं. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो झाकून ठेवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, छताच्या पत्र्यात बसवलेल्या काचेतून उजेडाचा एक चौकोन खाली पडायचा, तिथं मिस्त्रीणबाईंचं शिलाई मशीन होतं. त्या गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या. एका बाजूला रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, दुसऱ्या बाजूला फोमचे तुकडे, आणि पायाशी कातरणांचा ढीग. पुढं नवऱ्याची ठकठक, मागं बायकोची टकटक. आमचं बिनसलं की दोन्ही आवाज वाढतात, असं त्या हसत हसत सांगायच्या. नवरा इंजिनावरून माणूस ओळखायचा, तर बाई सीटवरून. कोण डाव्या अंगावर रेलून चालवतो, कोण काठावर बसून रस्त्याशी भांडतो, हे फाटलेल्या शिवणी त्यांना सांगायच्या. दोघांचा दिवस सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत त्या एका पत्र्याखाली जायचा आणि दोघांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

मिस्त्रींना सख्खी थोरली बहीण होती. भाऊ तिला ताई म्हणायचा म्हणून सगळा गाव ताईच म्हणायचा. गावाबाहेर कालव्याच्या पलीकडं ताईंची रोपवाटिका होती आणि त्यांच्याकडं एक छोटी, जुनी गाडी होती. मागची अर्धी सीट कायमची दुमडलेली, तिच्यावर कुंड्या आणि रोपांचे ट्रे. शाळेला कुंपणाची झाडं, दवाखान्याला सावलीतली, कुणाच्या गॅलरीला वेल, असं सगळं ताई स्वतः चालवत नेऊन पोचवायच्या. केस पांढरे झाले, पाठ जराशी वाकली, पण किल्ली हातात आली की चेहरा असा व्हायचा, की बघणाऱ्याने बाजूलाच व्हावं.

तर त्या गाडीचा ब्रेक लहरी झाला. एरवी दाबावा तेव्हा पेडल ठणठणीत. आणि मध्येच कधीतरी ते असं सुळकन खाली जायचं, की वाटावं, पायाखालची पायरीच कुणी काढून घेतली. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की पुन्हा जागच्या जागी, जणू काही झालंच नाही.

मिस्त्रींनी गाडी गॅरेजात घेतली. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमधले रबर बदलले, नवं ऑइल भरलं, चारही चाकांकडच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, मागच्या ड्रमचे ब्रेक जुळवून घेतले. स्वतः चालवून बघितली. ब्रेक दगडासारखा. गाडी परत दिली. आठवडा काही गेला नाही तोच ताईंचा फोन, "अरे, परत खाली गेला."

मिस्त्री गेले, "सरक, मी चालवतो" म्हणाले, आणि ताईंच्याच रस्त्यानं कालव्यापर्यंत जाऊन आले. ब्रेक दगडासारखा. त्यानंतर आणखी एकदा तसंच. मिस्त्री मनात म्हणाले, ताईचं वय झालं.

मग तो दिवस आला. कालव्याकडून रोपवाटिकेत शिरायच्या आधी एक डावं वळण आहे, सगळं उखडलेलं, आणि वळण संपतं तिथंच फाटक. ताई ते वळण घेऊन फाटकाशी आल्या. फाटकात त्यांचा मुलगा उभा होता. ताईंनी ब्रेक दाबला, पेडल खाली गेलं, गाडी कुंड्यांची रांग फोडत पुढं आली, आणि ताईंनी दुसऱ्यांदा पाय मारला तेव्हा कुठं ती थांबली. मुलाच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर.

त्या मुलाला आईबद्दल माया नव्हती असं कुणी म्हणू नये. घाबरलेलं माणूस जसं बोलतं तसं तो बोलला.

"आई, तुझा पाय ब्रेकवर नव्हताच."

"ब्रेकवरच होता. खाली गेला."

"मग मामांच्या पायाखाली का जात नाही? तुझ्याच का?"

त्यानं तिथल्या तिथं मामांना फोन लावला. गॅरेजात मिस्त्रींचे हात काळे होते म्हणून मिस्त्रीणबाईंनी फोन त्यांच्या कानाजवळ धरला, त्यामुळं पलीकडचा शब्द न् शब्द त्यांनाही ऐकू आला.

"मामा, तुम्ही म्हणाल ते मला मान्य. एकच सांगा, गाडीत दोष आहे का नाही?"

"मी तीनदा चालवून बघितली," मिस्त्री म्हणाले. "गाडीत काही नाही."

"झालं तर. रविवारी एकजण गाडी बघायला येतोय, देऊन टाकतो. आणि आईनं इथून पुढं गाडी चालवायची नाही. कुठलीच."

मागून ताईंचा आवाज येईल असं मिस्त्रीणबाईंना वाटलं. आला नाही. ताई आणि गप्प, हे त्यांनी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. त्या मशीनवर जाऊन बसल्या, सुई रेक्झिनवर टेकवली, पण पाय काही चालेना.

"का गं, थांबलीस का?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक विचारू का?"

"विचार."

"ताई चालवताहेत आणि तुम्ही शेजारी बसलाय, असं कधी झालं?"

"ताईच्या शेजारी? मी?" मिस्त्री हसले. "लहानपणी सायकलवर मागं बसवून तिनं मला सरळ डबक्यात घातलंय. तेव्हाच कानाला खडा लावला."

"म्हणजे सगळ्या गावाला आधी बसू, आणि बहिणीला आधी सरक."

मिस्त्रींचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. बाईंनी तेवढ्यात मशीन चालू केलं. त्यांना माहीत होतं, या माणसाला एक वाक्य पुरतं; दुसरं बोललं की तो पहिल्याशीच वाद घालायला लागतो.

शनिवारी दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन दोघं रोपवाटिकेत गेले. मिस्त्रीणबाई मुद्दाम बरोबर गेल्या. या बहीणभावाला एका गाडीत एकटं सोडलं तर ब्रेकपर्यंत विषय पोचायचाच नाही, अशी त्यांची खात्री होती.

ताई ओंजळीनं माती चाळत बसल्या होत्या. भावाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"वहिनी, यांना विचारा, कशाला आलेत? उद्या गिऱ्हाईक येतंय, गाडी पुसून ठेवायला का?"

"तुझ्या शेजारी बसायला," मिस्त्री म्हणाले.

ताईंचे हात थांबले. मग त्या उठल्या, नळाखाली हात धुतले आणि किल्ली आणायला आत गेल्या. मागच्या अर्ध्या सीटवर मिस्त्रीणबाई कशाबशा मावल्या. एका अंगाला कुंड्या, आणि मांडीवर कोवळ्या रोपांचा ट्रे, कारण तो ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

"वहिनी, यांना सांगा, पट्टा लावा."

"ताई, मी इथंच आहे."

"वहिनी, यांना सांगा, मला दिसतंय."

गाडी निघाली. कालव्यापर्यंत गेली, पुलावरून वळली, माघारी आली. उखडलेलं डावं वळण आलं, गाडीनं दोन धक्के खाल्ले, आणि फाटकाशी ताईंनी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. मिस्त्रींचे दोन्ही पाय आपोआप गाडीच्या तळाशी रुतले. ताईंनी दुसऱ्यांदा पाय मारला, तेव्हा गाडी थांबली.

"वहिनी, यांना विचारा, काही कळलं का?"

"कळलं," मिस्त्री हळूच म्हणाले. "मला चालवू दे एकदा."

जागा बदलल्या. तोच पूल, तेच वळण, तेच धक्के. ब्रेक दगडासारखा. पुन्हा ताई बसल्या, पुन्हा पेडल खाली. पुन्हा मिस्त्री, पुन्हा काही नाही. मिस्त्रींनी फाटकाशी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.

"बोल ना," ताई म्हणाल्या. आता त्या थेट भावाशी बोलत होत्या. "गाडी तीच, रस्ता तोच. फरक फक्त पायाचा. म्हण की ताई, तुझा पाय गेला. तू म्हणालास तर मी किल्ली देऊन टाकते. पोरानं म्हटल्यानं नाही देणार."

मागं मिस्त्रीणबाई मांडीवरच्या ट्रेकडं बघत होत्या. मघापासून त्यांना काहीतरी खुपत होतं, शिवण सरळ दिसावी आणि तरी बोटाला लागावी तसं.

"अहो," त्या म्हणाल्या. "ताई ब्रेक दाबतात तेव्हा रोपं एकदा वाकतात. तुम्ही दाबता तेव्हा दोनदा वाकतात. आधी थोडीशी, मग पुरती."

"मी एकदाच दाबतो."

"मग रोपांचं तुमच्याशी काय वैर आहे?"

ताईंनी गर्रकन मान वळवली. "चल. परत चल. मी तुझ्या पायाकडं बघते."

परत फेरी झाली. वळण संपलं, आणि ताई ओरडल्याच, "हा! दाबलास! नुसता टेकवलास आणि मग दाबलास!" मागं रोपांनी थोडी मान झुकवली आणि मग पुरती झुकवली.

मिस्त्री आपल्याच पायाकडं असे बघत होते, जणू तो दुसऱ्याचा होता. गॅरेज काढण्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी मालाचा ट्रक चालवला होता. त्या ट्रकचा ब्रेक पहिल्या दाबाला कधी लागलाच नाही. तेव्हा पायाला सवय लागली, आधी हळूच विचारायचं आणि मग दाबायचं. ट्रक गेला, मालक गेला, सवय पायात तशीच राहिली आणि कुणाला दिसली नाही, खुद्द पायाच्या मालकालाही नाही.

"एकदा ताईंसारखं दाबा," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

ते काही सोपं नव्हतं. पाय ऐकेचना. मन म्हणे एकदा, पाय म्हणे आधी विचारतो. पुढच्या फेरीला ते विसरले. त्याच्या पुढच्या फेरीला ताईंनी वळण सुटायच्या आतच "पाय उचल! उचल म्हणते ना!" असा ओरडा केला, मिस्त्रींनी गुडघा पार वर घेतला आणि नवशिक्यासारखा धाडकन पाय टाकला. पेडल सुळकन तळाला गेलं. गाडी फाटकात घुसली, मिस्त्रींनी घाईघाईनं दुसरा दाब दिला, आणि ती थांबल्यावर ते जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"गेला!" ते म्हणत होते. "माझ्या पायाखाली गेला!"

ब्रेक खाली गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मिस्त्रीणबाईंनी पहिल्यांदाच बघितला.

मग मात्र बोलणं बंद आणि काम सुरू. पेडल वळणावरच्या धक्क्यानंतरच खाली जातं, एका दाबानंतर परत येतं, म्हणजे सिलिंडरचा दोष नाही, हवेचा नाही. चाकाजवळ काहीतरी हलतंय. मिस्त्रींनी पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, एक हात वर आणि एक हात खाली धरून हलवलं. टक. पुन्हा हलवलं. टक. एवढासा आवाज, कान नसेल त्याला ऐकूही येणार नाही.

"बेअरिंग," ते म्हणाले. "नट सैल झालाय. वळणावर चाक लचकतं, त्याबरोबर ब्रेकची थाळी डुलते आणि पॅडना ढकलून लांब करते. पहिला दाब ते अंतर भरण्यातच जातो. दुसरा लागतो. मी आधी टेकवायचो, तेवढ्यात अंतर भरून जायचं."

"मग आधी चाक का नाही हलवून बघितलंस?" ताईंनी विचारलं.

मिस्त्री चाकाचं मधलं झाकण काढत होते.

"ब्रेकची तक्रार यायच्या आधी हे बेअरिंग मीच बसवलंय. माझा हात लागलाय तिथं काय बघायचं, असं वाटलं."

नवं बेअरिंग बसवलं की ते जरा चालल्यावर नट थोडा आवळून घ्यावा लागतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला मिस्त्री बजावून सांगायचे, थोडे दिवस चालवा आणि परत दाखवून जा. ताईला सांगितलं नव्हतं. घरचीच गाडी, कधीही बघू. आणि ताई आल्या नव्हत्या, कारण घरचाच मिस्त्री, लागलं तर सांगेल.

त्यांनी नट अडवून धरणारी जुनी पिन काढून टाकली, चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळला, किंचित मागं सोडला, पुन्हा हलवून बघितलं. आवाज नाही. नवी पिन घातली, तिचे पाय वळवले. मग दुसऱ्या बाजूचं चाकही उचललं, तेही जरासं सैल होतं, तेही आवळलं. मिस्त्रीणबाई फडकं घेऊन उभ्या होत्या. ताई कुंडीच्या काठावर बसून भावाच्या हातांकडं एकटक बघत होत्या, आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरताना दिसत होता.

शेवटी ताईंनी चालवलं. एका फेरीवर त्यांचं समाधान होईना. वळण, धक्के, फाटक, एकच दाब. प्रत्येक वेळी गाडी पाळलेल्या जनावरासारखी जागच्या जागी उभी. मागं रोपं एकदाच वाकत होती.

"ताई," मिस्त्री खाली उतरून म्हणाले, "तुझा पाय बरोबर होता."

"काय म्हणालास?"

"बरोबर होता म्हटलं."

"वहिनी, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार आहात हं. उद्या फिरेल तो."

"मी ऐकलं आणि रोपांनीही ऐकलं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

ताई हसल्या, पण लगेच त्यांची नजर रस्त्याकडं गेली. रविवार उद्याच होता. "आता पोराला फोन कर बाबा. माझं तो ऐकायचा नाही, तुझं ऐकेल."

"फोनवर नाही सांगायचं हे." मिस्त्री बाह्या खाली करत होते. "फोनवर मी एकदा सांगितलंय, ते चूक होतं. आता समोर बसून सांगतो."

"मग बस गाडीत, बाजारातल्या त्याच्या घरी सोडते तुला."

"तू नको. तू दिसलीस की तो तुझ्याशी भांडेल आणि माझं बोलणं राहील बाजूला. चालत जातो. त्याला म्हणतो, उद्याच्या माणसाला नको म्हण, आणि सकाळी तू येऊन आईच्या शेजारी बस. वळणावरून एक फेरी मार. मग बोल."

"आणि नाही म्हणाला तर?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"मामा म्हणतील ते मान्य, असं त्याच्याच तोंडचं आहे. तेव्हा मी चुकीचं म्हटलं तरी त्यानं मानलं. आता बरोबर म्हणतोय."

हात पुरते स्वच्छ निघाले नव्हते. नखांत ग्रीस होतं, सदऱ्याला लागू नये म्हणून ते हात अंगापासून जरा दूर धरून चालू लागले. चाल नेहमीचीच, सावकाश, जणू कुठल्याही गाडीनं त्यांना कधी घाई लावलेली नाही. फाटकाबाहेर पडून ते वळणापाशी पोचले, तिथं क्षणभर थांबले, उखडलेल्या रस्त्याकडं बघितलं आणि पुढं निघाले.

ताई फाटकाला रेलून बघत होत्या. मिस्त्रीणबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, हातात तेच काळं फडकं. कालव्याच्या पुलावर मिस्त्री लहान दिसायला लागले, मग पूल ओलांडून बाजाराकडच्या रस्त्याला लागले. दोघीही तिथून हलल्या नाहीत.